अर्धं पान कोरं

हॅडनव्हिल, केंटकी
८ ऑगस्ट १९७७

ती. आजीस,
मार्लीनचा सा. न. वि. वि.

मुरंब्याची बरणी टपालाच्या जीपवाल्याने सुखरूप पोचवली. अर्धी माझ्या घरमालकिणीने चव बघता बघता संपवली, उरलेली मी कपाटात लपवली आहे.

नोकरीला तीन आठवडे झाले. कोर्टहाऊसमधल्या आमच्या नोंदणी कचेरीला दोन खिडक्या आहेत. डावीकडे जमिनीची खरेदीखतं, उजवीकडे लग्नाचे आणि कुत्र्यांचे परवाने. उजवी माझी. कुत्र्याला लस टोचल्याचा दाखला लागतो, नवरा-नवरीला रक्त तपासल्याचा. आमचे साहेब श्री. कॉडिल म्हणतात, की कुत्रं परवाना घेऊन गेल्यावर पुन्हा तक्रार घेऊन आल्याचं त्यांनी तीस वर्षांत पाहिलं नाही. मला असले विनोद आवडत नाहीत, पण ते वयाने मोठे आहेत.

तू हसशील, पण मला या कामाचा अभिमान वाटतो. कॉलेजात आमचे सर सांगायचे, की राजाच्या तिजोरीला कुलूप असतं आणि लोकांच्या दप्तराला नसतं, लोकशाही म्हणजे एवढंच. ओहायोत, मिशिगनात कारखान्यांत गेलेल्या आपल्या लोकांची मुलं उन्हाळ्यात इथे येतात, आजी-आजोबांच्या लग्नाची नोंद मागतात, आणि इथे धड यादी नाही. म्हणून मी जेवणाच्या सुट्टीत एकेका खोऱ्याची यादी करायला घेतली. सुरुवात अर्थातच आपल्या सॉरवुड क्रीकपासून.

तुमचं पान सापडलं. वही सातवी, पान २१२, ऑक्टोबर १९२६. वरच्या अर्ध्या भागात परवाना दिल्याची नोंद आहे: व्हर्लिन स्टायडम, वय एकवीस, खाणकामगार, ऑर्फा नेपियर, वय सतरा, घरकाम. खालचा अर्धा भाग पाद्र्याने भरून पाठवायच्या कागदावरून उतरवायचा असतो. लग्न कुठे लागलं, कुणी लावलं, साक्षीला कोण होतं. तो कोरा आहे. आजी, अगदी कोरा. मी श्री. कॉडिलना विचारलं, तर ते म्हणाले की एक तर लग्न झालं नाही किंवा पाद्री आळशी होता, आणि तू इथे उभी आहेस त्या अर्थी काहीतरी झालं असणार.

मग मी १९१९ ते १९३८ सगळं तपासलं. सॉरवुडची एक्केचाळीस जोडपी, खालचा भाग कोरा. तेव्हा खोऱ्यात पाद्री एकच, ब्रदर ऑस्बर्न. तू काळजी करू नकोस. लग्न डोळ्यांनी पाहिलेल्या दोन माणसांनी शपथेवर लिहून दिलं, की नोंद आजही पुरी करता येते.

एक चांगली बातमी. शुक्रवारी श्री. ट्रिम्बल नावाचे एक सभ्य गृहस्थ आले होते. त्यांना सॉरवुडच्या जुन्या लग्नांमध्ये रस आहे. मी त्यांना माझी यादी दाखवली, तुमचं पानही काढून दिलं. त्यांनी नक्कल करून घेतली आणि दोनदा आभार मानले. कुणाला तरी इतिहासाची चाड आहे हे पाहून बरं वाटलं.

आजोबांना नमस्कार. तुझा आशीर्वाद आहेच, पत्राची मात्र वाट बघायला लावू नकोस.

तुझी,
मार्लीन


सॉरवुड क्रीक
१३ ऑगस्ट १९७७

चि. मार्लीन हिस,
आजीचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचलं. घरातली पहिली पदवी. त्या पदवीसाठी तुझ्या आईने शिवणयंत्रावर डोळे घालवले, मी अंडी विकली. तिचं पहिलं फळ आज आमच्या ओसरीवर बसून माझंच ताक पिऊन गेलं.

तुझा तो इतिहासप्रेमी ट्रिम्बल कोळसा कंपनीचा जमिनी घेणारा माणूस आहे, बाळ. सहा वर्षं तो आमच्या पायऱ्या झिजवतोय. वरचा डोंगर हवाय त्यांना. डोंगराची टोपी उडवायची, कोळसा काढायचा आणि दगडमाती खाली आमच्या ओढ्यात लोटायची, हा त्यांचा धंदा. तुझ्या आजोबांची सही त्याला पहिल्याच दिवशी मिळाली असती. पण लग्न झालेल्या माणसाने जमीन विकायची तर बायकोची सही लागते, आणि बायको म्हणजे मी. मी सहा वर्षं नाही म्हणतेय. त्या डोंगरावर माझ्या हाताने लावलेली त्रेसष्ट सफरचंदाची झाडं आहेत, आपल्या पाण्याचा झरा आहे आणि माझी दोन तान्ही बाळं पुरलेली आहेत. तुझ्या आजोबांना बापाकडून आयता मिळालेला डोंगर, त्यांना तो नुसता चढ वाटतो.

आज ट्रिम्बल आला तो टोपी काढून मला मिस ऑर्फा म्हणाला. मला वाटलं म्हातारा झाला, विसरला. मग त्याने तुझी नक्कल काढली आणि तुझ्या आजोबांना समजावलं, की कायद्याने ही बाई तुमची कुणीच नाही, तुमची एकट्याची सही पुरे. मार्लीन, एक्कावन्न वर्षांत त्या माणसाने माझ्याकडे इतकं निरखून कधी पाहिलं नव्हतं. मुक्काम लांबलेल्या पाहुणीकडे बघावं तसं बघत होते. सप्टेंबरच्या पहिल्या शनिवारी कागद घेऊन येतो म्हणून ट्रिम्बल गेला.

ब्रदर ऑस्बर्न आळशी नव्हते. उलट फार कष्टाळू, फक्त भलत्या बाजूने. दावीद राजाने प्रजेची मोजणी केली म्हणून देवाने सत्तर हजार माणसं रोगाने मारली, असं बायबलात आहे ना? तेव्हा लोकांची नावं मोजायला सरकारकडे पाठवणं हे पाप. लग्न लावायचे, देवाच्या वहीत नोंद झाली म्हणायचे, आणि काउंटीच्या कागदाने देवळातली शेगडी पेटवायचे. खोऱ्यावर रोगराई येऊ नये म्हणून बरं का. सगळ्यांना माहीत होतं. कुणाला काही वाटलं नाही, कारण तेव्हा आमच्यात कुणी शिकलेलं नव्हतं.

ते दोन साक्षीदारांचं काय म्हणालीस, ते नीट आणि लौकर लिही. आणि सध्या आणखी कुणाला मदत करू नकोस.

जीव आहे म्हणून बोलते. कमी झाला तर कळवीन.

तुझी आजी,
ऑर्फा


हॅडनव्हिल
२० ऑगस्ट १९७७

ती. आजीस,
मार्लीनचा सा. न. वि. वि.

पत्र वाचून दोन दिवस जेवण गेलं नाही. मी श्री. कॉडिलकडे राजीनामा घेऊन गेले. त्यांनी तो वाचला, त्यातलं एक स्पेलिंग दुरुस्त केलं आणि परत दिला. म्हणाले, की वही कुणालाही दाखवणं हे तुझं कामच आहे, पण माणूस कोण आणि त्याला कशाला हवंय एवढं आपल्या मनाशी विचारायला बंदी नाही. पदवीला एवढं शिकवायला काय हरकत होती, असंही म्हणाले.

मी तुझ्या लग्नाला हजर असलेल्यांची यादी केली. आईकडून, मामाकडून नावं घेतली. सव्वीस माणसं निघाली. चोवीस आपल्याच स्मशानात आहेत. उरलेली दोन म्हणजे आजोबांची बहीण झेला आत्याआजी आणि ब्रदर ऑस्बर्नांची विधवा. पाद्रीणबाईंनी लगेच अंगठा द्यायची तयारी दाखवली, पण त्यांना माझं लग्नही आठवतं, आणि माझं अजून झालेलं नाही. श्री. कॉडिल म्हणाले, हे चालणार नाही.

झेला आत्याआजीकडे मी स्वतः बसने गेले. त्यांना त्या दिवसाचा सहा थरांचा केक आठवतो, फिडल वाजवणारा आठवतो, तुझ्या पायातले उसने बूट कुणाचे होते तेही आठवतं. पाद्री तेवढा आठवत नाही. शपथेचा प्रश्न आहे, खोटं कसं बोलू, असं म्हणून त्यांनी डोळे पुसले. निघताना मला दाखवलं, की डोंगर विकला की आजोबा त्यांना गावात विटांचं घर घेऊन देणार आहेत आणि पडदे कुठल्या रंगाचे लावायचे ते त्यांनी ठरवलं आहे.

म्हणजे आजी, नोंद पुरी करण्याचा रस्ता बंद झाला. तुला खरं तेच सांगायला हवं. आज कायद्याच्या लेखी तू अविवाहित आहेस. सहा मुलं, एकोणीस नातवंडं आणि एक्कावन्न वर्षं, पण अविवाहित. हे वाक्य लिहिताना मला माझ्याच कचेरीची लाज वाटली. वकील बघू का? लेक्सिंग्टनला गरिबांसाठी फुकट काम करणारे काही तरुण आहेत म्हणे. त्यांची तारीख मात्र ऑक्टोबरातली मिळेल, आणि पहिला शनिवार तीन तारखेला आहे.

रागाव, पण लिही. तेवढा हक्क मला ठेव.

तुझी,
मार्लीन


सॉरवुड क्रीक, हेस्टरचं घर
५ सप्टेंबर १९७७

चि. मार्लीन हिस,
आजीचे अनेक आशीर्वाद.

वरचा पत्ता बघितलास का? कायदा म्हणतो मी अविवाहित. ठीक आहे. अविवाहित बाईने परपुरुषाच्या घरात राहणं शोभतं का? पत्र वाचलं त्याच संध्याकाळी गोधड्या, बिडाचा तवा आणि कोंबड्या घेतल्या आणि ओढ्यापलीकडे विधवा हेस्टरकडे आले. तुझे आजोबा दारात उभे राहून कुठे चाललीस विचारत होते. मी म्हटलं, मिस्टर स्टायडम, माझी अब्रू सांभाळायला.

मग रविवार आला. प्रार्थना संपल्यावर वडीलधारे विचारतात ना, कुणाच्या मनात काही सल आहे का. बायका सहसा बोलत नाहीत. मी उठले. मी एवढंच विचारलं, की जो पुरुष कंपनीच्या माणसासमोर कबूल करतो की आपण एका परक्या बाईबरोबर एक्कावन्न वर्षं राहिलो, त्याने पुढच्या बाकावर बसून भजनाची ओळ सगळ्यांच्या आधी म्हणावी का, याबद्दल शास्त्र काय सांगतं. आणि बसले. ब्रदर ऑस्बर्नांनी लावलेल्या लग्नांपैकी अकरा जोडपी अजून जिवंत आहेत. त्यातल्या दहा बायकांनी एकदम आपापल्या नवऱ्याकडे पाहिलं. पैकी चौघांच्या खिशात ट्रिम्बलची पत्रं होती, हे मला नंतर कळलं.

वडीलधाऱ्यांनी ठरवलं, की व्हर्लिनचा निकाल लागेपर्यंत त्यांनी मागच्या बाकावर बसावं आणि भजन दुसऱ्याने सांगावं. चाळीस वर्षं तो मान त्यांचा होता. आवाज चांगला आहे मेल्याचा, ते मी नाकारत नाही.

शनिवारी ट्रिम्बल आला. झेलाही आली, चांगली टोपी घालून. हेस्टरच्या ओसरीवरून सगळं दिसतं आणि बरंचसं ऐकू येतं. त्याने टेबलावर खरेदीखत पसरलं. त्यात पहिल्याच ओळीत लिहिलं होतं, मी व्हर्लिन स्टायडम, अविवाहित. तुझे आजोबा हळूहळू वाचतात हे तुला ठाऊक आहे. त्या शब्दापाशी बोट थांबलं. ट्रिम्बल म्हणाला, कायद्याची भाषा आहे, तसं लिहावंच लागतं. आजोबा म्हणाले, यावर सही केली तर माझी सहा मुलं कोण ठरतात? झेला म्हणाली, एक शब्द तर आहे, कुणाला दिसतोय. तर आजोबा म्हणाले, माझी नात तिथे खिडकीत बसते, ती सगळ्यांना दाखवते.

तेव्हा तुझ्या यादीने एक चांगलं काम केलं. मोजून एक.

सही झाली नाही. पण नाहीही म्हणाले नाहीत. विचार करतो म्हणाले. म्हणजे आता भूक ठरवणार. डब्यातल्या शेंगदाण्यांवर आणि गार घेवड्यावर आहेत. मी रोज संध्याकाळी ओसरीजवळच्या चुलीवर मक्याचा पाव भाजते. वारा त्या बाजूचा आहे.

मनात राग धरलेला नाही. हातात तवा धरलाय, तो वेगळा.

आजी,
ऑर्फा नेपियर (कायद्याने)


सॉरवुड क्रीक
१९ सप्टेंबर १९७७

चि. मार्लीन हिला अनेक आशीर्वाद.

मी बरा आहे. तसा बरा नाही. पत्र लिहायची सवय नाही, चुकलं तर समजून घे.

एक लग्नाचा परवाना टपालाने पाठव. नावं तुला माहीत आहेत. फी किती ते कळव, जीपवाल्याबरोबर पाठवतो. जुनाच परवाना चालत असेल तर बघ, तो वापरलेला नाही असं सगळे म्हणतात.

तुझी आजी हेस्टरकडे हट्टाने बसली आहे. मी तिला समजावायला गेलो, तर हेस्टरने दारातच विचारलं की काय काम आहे. माझ्याच बायकोला भेटायला काम लागतं का? मी तसं म्हणालो, तर आतून आवाज आला की कुणाची बायको.

झेला रोज येते आणि पडद्यांविषयी बोलते. मला डोंगर विकायचा होता, कारण म्हातारपणी चढवत नाही. एवढंच कारण होतं. त्यावर इतकं होईल असं वाटलं नव्हतं.

परवाना लौकर पाठव. पुढच्या रविवारी भजन वॉल्टर सांगणार आहे, आणि तो बेसूर आहे.

तुझा आजोबा,
व्हर्लिन स्टायडम


हॅडनव्हिल
२४ सप्टेंबर १९७७

ती. आजोबांस,
मार्लीनचा सा. न. वि. वि.

परवाना टपालाने देता येत नाही. दोघांनी स्वतः खिडकीवर यावं लागतं, रक्त तपासल्याचा दाखला आणावा लागतो आणि अर्ज केल्यावर तीन दिवस थांबावं लागतं. जुना परवाना एक्कावन्न वर्षांपूर्वी बाद झाला. नियम सगळ्यांना सारखे आहेत, आजोबांनाही.

आता खिडकीबाहेरचं. मी आजीला विचारलं की ती येईल का. तिने एका ओळीत कळवलं, की आधी डावी खिडकी, मग उजवी. म्हणजे डोंगर तिच्या नावावर. मी तुमच्या बाजूनेही विचार केला, आजोबा. डोंगर तुमच्या वडिलांचा आहे, कायद्याने तुमचा आहे. पण तुम्हाला तो चढवत नाही, हे तुम्हीच लिहिलंत. जो चढ तुम्हाला नको आहे तो देण्यात तुमचं काय जातं, हे मला कळत नाही. आणि तिने सहा वर्षं जी गोष्ट बायको म्हणून राखली, ती कायद्याने एका दुपारी काढून घेतली. त्या दुपारी वही मीच उघडून दिली होती. म्हणून एवढं लिहायचं धाडस करते.

तुम्ही स्वतःला अविवाहित लिहायला तयार नाही आणि विवाहित लिहायला पुरावा नाही, ही अडचण मी श्री. कॉडिलपुढे ठेवली. त्यांनी जुन्या कागदांतून एक नमुना शोधून काढला. होणाऱ्या नवऱ्याने होणाऱ्या बायकोला लग्नाच्या अपेक्षेने जमीन लिहून देणे. त्यात तुम्ही फक्त नियोजित वर असता. त्यात लाज नाही आणि पापही नाही, वडीलधाऱ्यांना वाचून दाखवता येईल. श्री. कॉडिल म्हणाले, की बहात्तराव्या वर्षी नियोजित वर व्हायला मिळणं ही कित्येकांना न मिळणारी संधी आहे. हा विनोद मला प्रथमच आवडला.

कचेरी आठ ते चार उघडी असते. बुधवारी गर्दी कमी.

तुमच्या भजनाची आठवण येते. वॉल्टरकाकांच्या नाही.

तुमची,
मार्लीन


सॉरवुड क्रीक, हेस्टरचं घर
२२ ऑक्टोबर १९७७

चि. मार्लीन हिस,
आजीचे अनेक आशीर्वाद.

बुधवारी तुझ्या कचेरीत तू मला अनोळखी गिऱ्हाइकासारखं वागवलंस, ते मला फार आवडलं. आजोबांनी सही करताना तुझ्याकडे तीनदा पाहिलं. तू मान वर केली नाहीस. तुझ्या साहेबांनी शिक्का मारला आणि डोंगर माझा झाला. एवढा मोठा डोंगर, आणि शिक्क्याचा आवाज टिचकी मारल्याएवढा.

तू सगळ्यांसमोर उजव्या खिडकीकडे हात केलास, तेव्हा मी म्हटलं आज उशीर झाला, बस चुकेल. बस चुकणार नव्हती. मी आधी तुझ्या साहेबांना बाजूला घेऊन विचारलं होतं, की खतात लग्नाची अपेक्षा लिहिली आहे, तारीख लिहिली आहे का. ते म्हणाले, अपेक्षेला तारीख नसते बाई. भला माणूस आहे.

तू माझ्यावर रागावली असशील. तुला नियम पाळलेला आवडतो. पण ऐक. मी सतरा वर्षांची असताना माझा बाप आणि त्यांचा बाप गवताच्या गंजीजवळ उभे राहून बोलले, आणि संध्याकाळी आईने मला सांगितलं की शनिवारी तुझं लग्न. मला कुणी विचारलं नाही. त्यांनाही नाही, खरं तर. आता तुझे आजोबा रोज दाढी करून ओढा ओलांडून येतात. लाकडं फोडून देतात. हेस्टरच्या ओसरीवर टोपी मांडीवर ठेवून बसतात आणि तिला हवापाण्याचं विचारतात, कारण तसं केल्याशिवाय ती त्यांना आत घेत नाही. परवा माझ्याबरोबर डोंगर चढले. तीनदा बसले, पण चढले. बाळांच्या दगडांवरचं गवत त्यांनी काढलं, मी सांगितलं नव्हतं. मग दिवसभर सफरचंदं उतरवली. संध्याकाळी म्हणाले, झाडं चांगली आहेत. लावल्यावर चाळीस वर्षांनी त्यांच्या लक्षात आलं, पण आलं.

भजन पुन्हा त्यांच्याकडे आलंय. वडीलधारे म्हणाले, नियोजित वराला आडकाठी नाही. बाकीच्या दहाजणींपैकी सात जणींनी नवऱ्यांना घेऊन बुधवारी तुझ्याकडे यायचं ठरवलंय. आधी डावी खिडकी. शाई भरून ठेव.

ट्रिम्बल आला होता. मी त्याला ताक दिलं आणि सांगितलं, की व्हर्लिनची सही आता लागत नाही, एकट्या माझी पुरे. तो पायरीवर बराच वेळ बसला. मला मिसेस स्टायडम म्हणाला. मी म्हटलं, अजून नाही. झेलाने पडद्याचं कापड विकत घेऊन ठेवलं होतं. तिला म्हटलं, गोधडीला चांगलं आहे.

काल संध्याकाळी तुझ्या आजोबांनी विचारलं. नीट विचारलं, उभं राहून, नाव घेऊन, हेस्टरसमोर. मी त्यांच्याकडे बघितलं आणि म्हटलं, विचार करते. मार्लीन, अडुसष्ट वर्षांत हे दोन शब्द म्हणायची माझी ही पहिलीच वेळ. इतके गोड आहेत की आणखी काही दिवस तोंडात घोळवणार आहे.

तुझ्यावर लोभ आहेच. त्यांच्यावरचा वाढतोय, वाढू दे.

तुझी आजी,
ऑर्फा (आडनाव ठरलं की कळवते)